सोलापूरचा टॉवेल पोर्ट लुईला पोचवताना

मॉरिशसला माल पाठवणं आणि दुबईला पाठवणं, कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. तेच शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद), तोच कंटेनर, तेच न्हावाशेवा बंदर. फरक पडतो तो पलीकडच्या टोकाला. दुबईकडे एका बंदरात गर्दी झाली तर माल शेजारच्या बंदरात उतरवून रस्त्याने आणता येतो. मॉरिशस हे बेट, आणि त्याचं मोठं व्यापारी बंदर एकच, पोर्ट लुई. बेटाचा तांदूळ, पेट्रोल, सिमेंट, मोटारी, औषधं, हॉटेलच्या चादरी-टॉवेल असं सगळं त्याच एका तोंडातून आत येतं. साखर आणि मासे तिथूनच बाहेर जातात, आणि नोव्हेंबर ते एप्रिल क्रूझ जहाजंही तिथेच लागतात. शेजारच्या राज्यातून ट्रक मागवून वेळ मारून न्यायची सोय नाही. म्हणून सोलापुरात राहिलेली चूक तिथे भरून काढायला जागा मिळत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून हॉटेलांसाठी टेरी, म्हणजे लूपवाले, टॉवेल पाठवताना आम्ही जे करतो, तेच इथे क्रमाने मांडतोय. गावातले बरेच यंत्रमागवाले आता व्यापाऱ्याच्या नावावर न देता स्वतः निर्यात करू बघताहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा हाच हेतू.

आधी हंगाम. मॉरिशसच्या हॉटेलांचा भराचा काळ ऑक्टोबरअखेरीपासून नाताळ-नववर्षापर्यंत. हाउसकीपिंगवाल्यांना टॉवेल हाताशी यायच्या आधी एकदा-दोनदा धुऊन घ्यायचे असतात, त्यामुळे माल सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या गोदामात हवा. मुंबई ते पोर्ट लुई अंतर सुमारे २,५०० सागरी मैल. जहाज १५ नॉट्सने, म्हणजे ताशी १५ सागरी मैलांनी, सरळ गेलं तर आठवड्याभराचा प्रवास. पण सरळ सेवा दरवेळी मिळत नाही. कोलंबोला किंवा आखातातल्या एखाद्या बंदरात कंटेनर उतरतो, दुसऱ्या जहाजाची वाट बघतो, मग पुढे जातो. या बदलीच्या बंदरातला मुक्काम चार दिवसांचाही असतो आणि तीन आठवड्यांचाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली वाहतूक बिघडली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हापासून तर वेळापत्रकाचा भरवसा आणखी कमी झालाय. म्हणून आम्ही ऑर्डर घेताना समुद्रासाठी पाच आठवडे धरतो. मागे मोजत आलं की कंटेनर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरायला हवा, विणकाम जूनअखेर सुरू व्हायला हवं आणि सूत मे महिन्यातच बुक व्हायला हवं.

याचा अर्थ माल भर पावसात निघतो. या प्रवासातली सगळ्यात मोठी अडचण इथूनच सुरू होते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो. नेहमीच्या हवेत त्याच्यात वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा असतोच. ऑगस्टमध्ये न्हावाशेव्याला कंटेनर बंद होऊन यार्डात उभा असतो तेव्हा आतली हवा उबदार आणि दमट असते. जहाज विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातं. तिथे तेव्हा हिवाळा. पोर्ट लुईला रात्री पारा २० अंशांच्या खालीही जातो. लोखंडी छत आधी थंड होतं, आतली वाफ छताला लागून थेंब धरते आणि थेंब वरच्या थरातल्या कार्टनवर पडतात. व्यवहारात याला कंटेनरला घाम येणं म्हणतात. कार्टनचा पुठ्ठा मऊ पडतो, वरचा थर दबतो, आणि पांढऱ्या टॉवेलवर घडीच्या रेषेत पिवळट किंवा करडे ठिपके उठतात. ती बुरशी. ब्लीच करून डाग जातो, पण हॉटेल तो माल घेत नाही, आणि बेटावरून परत आणायचं भाडं मालाच्या किमतीला भारी पडतं.

उपाय चार ठिकाणी करावा लागतो, आणि चारही करावे लागतात.

पहिला, ड्रायरमधून निघालेला टॉवेल गरम असताना पॉलिथिनमध्ये घालायचा नाही. हातांना कोरडा लागतो, पण लूपच्या मुळाशी वाफ असते. रात्रभर रॅकवर उघडा ठेवून थंड होऊ द्यायचा आणि सकाळी ओलावामापकाची सुई घडीच्या मधोमध खुपसून बघायचं. ८ टक्क्यांच्या वर दाखवलं तर आम्ही पॅकिंगला घेत नाही. वरच्या पदराला सुई लावून उपयोग नाही, तो नेहमीच कोरडा असतो. दुसरा, पॉलिबॅग भोकं असलेलीच. पूर्ण सीलबंद पिशवीत अडकलेला ओलावा बाहेर निघत नाही. तिसरा, कंटेनरच्या भिंतींना आणि वरच्या थरावर क्राफ्ट पेपर. थेंब पडला तर आधी कागद भिजतो. चौथा, ओलावा शोषणारी कॅल्शियम क्लोराइडची लांब पाकिटं. २० फुटी डब्यात दीड किलोची सहा ते आठ, भिंतींच्या खाचांत टांगलेली. शोषलेल्या पाण्याचं आत जेल होतं अशीच घ्यावीत. नुसतं पाणी साठवणारं पाकीट फुटलं तर खारट पाणी मालावर येतं. कार्टनमध्ये टाकायच्या सिलिका जेलच्या पुड्या चपला-चामड्याला ठीक. पाच टन कापसापुढे त्यांचं काही चालत नाही.

टॉवेलच्या रंगाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ऑर्डर घेताना ती विसरली जाते. न्हाणीघरातला पांढरा टॉवेल वेगळा आणि पोहण्याच्या तलावाजवळचा पट्ट्यांचा वेगळा. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि हॉटेलची लॉण्ड्री वर ब्लीचही मारते. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं सूत तिथे काही महिन्यांत फिकं पडतं. पूल टॉवेलला व्हॅट रंगाचंच, म्हणजे क्लोरीनला टिकणाऱ्या जातीच्या रंगाचं, सूत लागतं. ते महाग आहे, तो दर धरूनच कोटेशन द्यावं. क्रूझ जहाजांचेही टॉवेल हेच. निळे किंवा पट्ट्यांचे, म्हणजे खोलीतले कोणते आणि डेकवरचे कोणते हे लांबून कळतं.

आता कार्टन. टॉवेल हा फुगीर माल आहे. २० फुटी कंटेनर वजनाने कधीच भरत नाही, जागेने भरतो. आतली मापं साधारण लांबी ५.८९ मीटर, रुंदी २.३५, उंची २.३९, आणि दाराची उंची मात्र २.२८. बाजारात सहज मिळणारा ६० बाय ४० बाय ४० चा खोका घेतला तर उंचीत सहा थर म्हणजे २.४० होतात, एका सेंटिमीटरने हुकतात, आणि पाचच थर बसतात. भाडं पूर्ण डब्याचं भरून वर हवा पाठवायची. आम्ही ५७ बाय ४५ बाय ३७ चा खोका बनवून घेतो. रुंदीत पाच, लांबीत दहा, उंचीत सहा, असे ३०० कार्टन. हिशोबाने रुंदीत १० सेंटिमीटर आणि लांबीत १९ सेंटिमीटर मोकळे राहतात. ही जागा वाया गेलेली नाही. टॉवेल भरल्यावर कार्टन प्रत्येक बाजूला फुगतो, एका कार्टनमागे दीड सेंटिमीटर धरावाच लागतो. रुंदीत पाच कार्टन ठासून २.३० चं माप काढणाऱ्यांचा पाचवा कार्टन शेवटी लाथेने आत ढकलावा लागतो, आणि तोच फाटतो.

७५ बाय १५० सेंटिमीटर, ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा, टॉवेल ५६२ ग्रॅमचा. एका कार्टनमध्ये ३० नग, म्हणजे निव्वळ १७ किलोच्या आत, पुठ्ठा धरून १८. ३०० कार्टनमध्ये ९,००० टॉवेल, एकूण साडेपाच टनांच्या आत. कार्टन याहून जड करू नये. मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक हॉटेलांना माल उतरवायला ट्रकच्या उंचीचा धक्का नसतो. ग्रां बे असो, बेल मार असो की फ्लिक आं फ्लाक, डबा ट्रेलरवर उभा राहतो आणि माणसं हाताने खाली घेतात. १८ किलोचा कार्टन एक माणूस उचलतो. २५ किलोचा दोघे धरतात नाहीतर आपटतात.

लाकडी पॅलेट टाळता येत असेल तर टाळावं. लागलंच तर आयएसपीएम-१५ चा शिक्का असलेलं, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटं दिलेलं. बेटावरच्या शेतीला बाहेरची कीड परवडत नाही, त्यामुळे शिक्का नसलेलं लाकूड तिथे अडतं आणि त्याच्यासोबत मालही.

रिकामा कंटेनर आला की भरायच्या आधी त्याची तपासणी. यात पंधरा मिनिटं जातात, पण ही पंधरा मिनिटं कुणी देत नाही. एक माणूस आत उभा करायचा आणि बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायची. आत मिट्ट काळोख व्हायला हवा. छतात किंवा कोपऱ्यात सुईएवढा जरी उजेड दिसला तरी तिथून पाणी येणार. मग त्याच माणसाने दीर्घ श्वास घेऊन वास बघायचा. आधीच्या फेरीत मसाला, रसायन किंवा ओलं चामडं गेलेलं असलं तर ते लाकडी तळात मुरलेलं असतं, आणि टॉवेल तो वास समुद्रभर ओढत राहतो. तळाच्या फळ्यांवर हात फिरवायचा, ओलावामापक लावायचा. धुऊन नुकताच आणलेला डबा वरून कोरडा दिसतो पण फळीत पाणी असतं. दाराच्या रबराला चीर आहे का, खिळे वर आलेत का, सीएससीची, म्हणजे डब्याच्या सुरक्षा प्रमाणपत्राची, पाटी जागेवर आहे का. काही खटकलं तर डबा तिथल्या तिथे परत. ट्रेलरवाला कुरकुर करतो, एक खेप वाया गेल्याचं सांगतो, तरी परत. भरल्यानंतर ही संधी नसते.

कंटेनर कारखान्यात आणून भरायचा की माल ट्रकने न्हावाशेव्याच्या सीएफएसला (बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या गोदामाला) नेऊन तिथे भरायचा, हा प्रश्न सोलापूरकरांना कायम पडतो. डबा तिकडूनच रिकामा आणावा लागतो आणि भरून परत न्यायचा असतो, म्हणजे चारशे किलोमीटरच्या आत-बाहेरचं भाडं दोन्ही बाजूंनी. ट्रक स्वस्त पडतो. पण सीएफएसमध्ये कार्टन दोनदा हाताळले जातात, पावसात अर्धवट छपराखाली उतरतात, आणि आपली थरांची मांडणी तिथला कामगार पाळेलच असं नाही. पावसाळ्यात आम्ही कारखान्यातच भरतो. डिसेंबर ते मे सीएफएसला हरकत नाही.

कारखान्यात भरायचं तर कस्टम्सची स्वतः सील लावायची परवानगी एकदा काढून ठेवावी लागते. सील २०१७ पासून आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारं. त्याच्या नोंदीत शिपिंग बिल क्रमांक, कंटेनर क्रमांक, सील लावल्याची तारीख-वेळ आणि गाडीचा क्रमांक असतो. गोची नेहमी गाडीच्या क्रमांकाशी होते. भिगवणजवळ ट्रेलरचा घोडा (पुढची ओढणारी गाडी) बंद पडला, मालकाने दुसरा घोडा जोडून दिला, आणि कुणालाच कळवलं नाही. बंदराच्या फाटकावर सील वाचलं जातं, गाडी वेगळी निघते, डबा बाजूला. हीच गत ई-वे बिलाची, म्हणजे रस्त्याने माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आपल्याला दोन दिवस मिळतात. पावसात घाट तुंबला की तेवढे सहज संपतात. म्हणून गाडी बदलली की लगेच फोन, हे ड्रायव्हरला आणि मालकाला, दोघांनाही निघायच्या आधी बजावून ठेवतो.

कंटेनर क्रमांक म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणिताने येतो, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तर संगणक बहुधा पकडतो. सील क्रमांकाला असं काही संरक्षण नाही. म्हणून दार बंद केल्यावर डाव्या दाराचा, उजव्या दाराचा आणि सीलचा जवळून फोटो, आणि कागद भरणाऱ्याने फोन हातात धरून फोटोवरूनच आकडे घालायचे. तोंडी सांगितलेले आकडे कधीच नाहीत.

मग व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन. १ जुलै २०१६ पासून ते दिल्याशिवाय जहाजावर डबा चढत नाही. काट्यावर ट्रेलरसकट वजन करून ट्रेलरचं रिकामं वजन वजा करायचं. आपल्या टॉवेलचा डबा स्वतःच्या सव्वादोन टनांसह पावणेआठ टनांच्या आसपास येतो. शिपिंग बिलावरचं एकूण वजन आणि व्हीजीएम यांत डब्याच्या वजनाएवढाच फरक हवा. पावसात भिजलेली ताडपत्री आणि चिखल ट्रेलरवर असला तर दोनशे किलो जास्त दाखवतात, आणि मग दोन कागदांचं जमत नाही.

कागदांचा गठ्ठा मोठा वाटतो, पण क्रम लक्षात आला की सोपा आहे. आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) आणि बँकेचा एडी कोड (परकीय चलन घेणाऱ्या शाखेचा क्रमांक) बंदरावर नोंदलेला असावा. जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नव्याने, मार्च संपायच्या आत. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट. त्यावरून सीएचए, म्हणजे आपला कस्टम्स एजंट, शिपिंग बिल दाखल करतो. टेरी टॉवेलचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरणातला मालाचा क्रमांक, ६३०२ ६० ने सुरू होतो. इन्व्हॉइसवर नुसतं ‘कॉटन टॉवेल’ लिहू नये, टेरी हा शब्द हवा, नाहीतर तिकडचा कस्टम्स ब्रोकर वेगळा कोड लावतो आणि मूळ देशाच्या प्रमाणपत्राशी (माल भारतातच बनल्याच्या दाखल्याशी) तो जुळत नाही. टॉवेल प्रकरण ६३ मध्ये येत असल्याने आरओएससीटीएलचा, म्हणजे राज्य-केंद्राच्या करांच्या परताव्याचा, लाभ मागायचा तर तो शिपिंग बिल भरतानाच मागावा लागतो. मागून सुचलं तर दुरुस्तीची फाइल घेऊन महिने जातात.

भारत-मॉरिशस व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. त्याखालचं मूळ देशाचं प्रमाणपत्र डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, ऑनलाइन व्यवस्थेतून काढता येतं. आपल्याला ते सोपं जातं, कारण सूत भारतातलं, विणकाम आणि शिलाई सोलापूरची. आयात शुल्कात सवलत आपल्या नेमक्या कोडला काय मिळते हे ग्राहकाच्या ब्रोकरकडून ऑर्डरआधीच लेखी विचारून घ्यावं, आणि प्रमाणपत्र जहाज पोचायच्या आधी त्यांच्या हातात पडेल असं बघावं.

बंदराचं नाव लिहिताना देशही लिहायचा आणि एमयूपीएलयू हा कोडही. पोर्ट लुई नावाचं गाव फ्रान्सच्या किनाऱ्यावर आहे आणि कॅरिबियनमध्ये ग्वाडेलूपलाही आहे. बुकिंग करणारा ड्रॉपडाउनमधून पहिलं नाव निवडून मोकळा होतो.

बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे बीएलचा (जहाज कंपनीची मालाची पावती, तिच्यावरच पलीकडे माल सुटतो), मसुदा येतो तेव्हा तो दोन माणसांनी वाचावा. कन्सायनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, नाव ग्राहकाच्या नोंदणीत आहे तसंच, अक्षरशः तसंच. हॉटेलचं नाव एक असतं आणि त्याची मालक कंपनी दुसरी, माल कंपनीच्या नावावर सुटतो. जहाज निघाल्यावर दुरुस्ती केली तर पैसे लागतात. पलीकडे मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, दाखल झाल्यावर केली तर पैशांबरोबर दंडाचीही शक्यता येते. मूळ बीएल कुरिअरने पाठवायचं की टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडायचा संदेश) द्यायचा, हे पैसे कसे येणार यावर ठरतं. बाकी रक्कम हातात पडल्याशिवाय टेलेक्स रिलीज देऊ नये, हे कितीही ओळखीचा ग्राहक असला तरी. त्याच वेळी, जहाज धक्क्याला लागलंय आणि बीएल अजून सोलापुरात पडून आहे, असंही होऊ नये. मॉरिशसची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यांची बँक उघडते तेव्हा आपले साडेदहा-अकरा वाजलेले असतात.

न्हावाशेव्याला डबा आत जायची अंतिम वेळ जहाजाच्या आधी ठरलेली असते. ती चुकली की पुढच्या जहाजावर. मोठ्या बंदरांच्या मार्गावर पुढचं जहाज दोन दिवसांत असतं, पोर्ट लुईसाठी आठवडा किंवा जास्त. म्हणून सोलापुरातून गाडी अंतिम वेळेच्या निदान दोन दिवस आधी सोडतो. पार्किंग प्लाझात एक रात्र उभं राहिल्याचं भाडं जहाज चुकण्यापुढे काहीच नाही.

आता पलीकडची बाजू. पोर्ट लुई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे, आग्नेयेकडून येणाऱ्या कायमच्या वाऱ्यांच्या आडोशाला. अठराव्या शतकात फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने ही जागा हेरून बंदर वाढवलं, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडेपर्यंत युरोप-आशिया जहाजांचा हा मोठा थांबा होता. कंटेनरचं काम मेर रूज या भर घालून केलेल्या जमिनीवर चालतं. तिथला धक्का आता ८०० मीटर लांबीचा आहे. क्रूझची जेट्टी ले सालीन भागात, बंदराच्या दुसऱ्या अंगाला. जागा वेगळ्या असल्या तरी आत यायची वाट, पायलट आणि टगबोटी यांत सगळ्यांचा वाटा असतो. बहुतेक बंदरांत प्रवासी जहाजाला ठरल्या वेळी आत घेतात, कारण दोन-तीन हजार माणसं सकाळी उतरून संध्याकाळी परत चढणार असतात. मालवाहू जहाज तोवर बाहेर नांगर टाकून उभं राहतं.

हिवाळ्यातही, म्हणजे आपल्या जून ते सप्टेंबरमध्ये, आग्नेय वाऱ्याचे झोत इतके येतात की क्रेन थांबवाव्या लागतात. वाऱ्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास गेला की जहाजावरून डबे उचलणाऱ्या क्रेन साधारणपणे बंद करतात. ट्रॅकिंगवर जहाज पोचलेलं दिसतं आणि चार दिवस डबा उतरत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ग्राहकाला उगाच फोनवर फोन करून काही होत नाही. मेर रूजचा वारा किती आहे ते हवामानाच्या पानावर बघावं.

खरी परीक्षा चक्रीवादळाची. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे बरोबर क्रूझचा हंगाम. तिथलं हवामान खातं १ ते ४ असे वर्ग जाहीर करतं. वर्ग चढतो तसं बंदर आवरायला लागतं. डब्यांच्या उंच थप्प्या खाली आणतात, क्रेन साखळदंडांनी जमिनीला बांधतात आणि जहाजांना बंदराबाहेर, खुल्या समुद्रात पाठवतात. धक्क्याला बांधलेलं जहाज वादळात धक्क्यावरच आपटतं, समुद्रात ते वादळाच्या वाटेतून बाजूला होऊ शकतं. तिसऱ्या वर्गात बेटावरचे सगळे व्यवहार बंद. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. वादळ गेल्यावरही सगळं लगेच सुरू होत नाही. बाहेर गेलेली जहाजं एकदम परत येतात आणि रांग लागते. काही जहाजं तर पोर्ट लुई वगळून पुढे रेयुनियनला किंवा मादागास्करला जातात आणि परतीच्या फेरीत डबे उतरवतात. बीएलच्या मागच्या बारीक अक्षरांत त्यांना तशी मुभा असते.

विम्याचं इथे नीट समजून घ्यावं. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए म्हणजे सर्व जोखमी, असं एजंट सांगतो. पण उशिरामुळे झालेलं नुकसान त्यातही वगळलेलं असतं. वादळाचं पाणी डब्यात शिरलं तर दावा लागतो. माल नाताळनंतर पोचला म्हणून ग्राहकाने दर पाडला, तर लागत नाही. यासाठी एकच इलाज, हॉटेलचा मुख्य माल नोव्हेंबरच्या आत बेटावर.

तिथल्या सुट्ट्यांची यादी आम्ही जानेवारीतच भिंतीवर लावतो. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती नेमकी आपला माल पोचायच्या दिवसांत येते. महाशिवरात्र, दिवाळी, ईद, चिनी नववर्ष आहेतच, आणि उगादीही आहे. सोलापुरातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी उगादीला माग बंद असतात, त्याच दिवशी तिथल्या तेलुगू लोकांमुळे सरकारी कार्यालयंही बंद. याला कारण बंदराशेजारीच आहे. १८३४ पासून भारतातून करारावर गेलेले मजूर जिथे उतरले तो आप्रवासी घाट धक्क्यापासून अगदी जवळ आहे, २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. त्यात कोकणातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांपैकी कुणी ब्रोकरच्या कचेरीत भेटलं तर बोलणं इंग्रजीत किंवा फ्रेंच वळणाच्या क्रिओलमध्ये होतं, पण आडनाव ऐकून आपल्याला वाटतं ते वाटतंच.

डबा उतरल्यावर ग्राहकाचा ब्रोकर संगणकावर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, भरतो. १५ टक्के व्हॅट कर असतो. जहाज यायच्या आधीच कागद भरता येतात, आणि भरावेत, कारण डबा यार्डात मोफत ठेवायचे दिवस मोजके असतात. त्यानंतर यार्डाचं भाडं वेगळं आणि जहाज कंपनीचं डबा अडकवल्याचं भाडं वेगळं. दोन्ही मीटर एकाच वेळी चालतात. बुकिंग करतानाच पलीकडचे जास्त मोफत दिवस मागून घ्यावेत. तेव्हा फुकट मिळतात, नंतर मिळत नाहीत.

थोड्या मालाचं, म्हणजे एलसीएलचं गणित निराळं. एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त असेल त्यावर भाडं. टॉवेल फुगीर, त्यामुळे नेहमी घनमीटरच लागतो. कॉम्प्रेस करून गाठी बांधल्या तर आकार कमी होतो, पण हॉटेलचा टॉवेल पंधरा दिवस दाबून ठेवला की लूप बसतो आणि धुतल्याशिवाय उठत नाही. ग्राहकाला आधी सांगितलं असेल तरच गाठ बांधावी. एलसीएलमध्ये सोबत कोणाचा माल येतो हे आपल्या हातात नसतं, म्हणून वासाच्या भीतीने कार्टनला आतून पूर्ण प्लास्टिकचं अस्तर लावतो. तिथे भोकांचा नियम मोडावा लागतो, आणि मग टॉवेल आणखी कोरडा करून, ७ टक्क्यांपर्यंत, घ्यावा लागतो.

क्रूझ जहाजांना माल थेट विकला जात नाही, शिप चँडलरमार्फत, म्हणजे जहाजांना सामान पुरवणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, जातो. त्याची ऑर्डर दोन-चार घनमीटरची, पण तारीख पक्की. जहाज सकाळी लागतं, रात्री निघतं. तेवढ्यात धान्य, भाजी, इंजिनाचे सुटे भाग, टॉवेल असं सगळं सुरक्षा तपासणीतून आत जायचं असतं. हुकलेला माल पुढच्या बंदरात पाठवणं चँडलरला परवडत नाही, तो ऑर्डरच रद्द करतो. म्हणून आम्ही चँडलरला जहाजाच्या तारखेवर माल देत नाही. त्याने आपल्या गोदामात हंगामाआधी साठा करावा आणि तिथून काढत राहावं, या अटीवरच दर देतो. प्रत्येक कार्टनवर नग, आकार, रंग आणि एकूण वजन चार बाजूंपैकी लगतच्या दोन बाजूंना मोठ्या अक्षरांत छापतो. गोदामात कार्टन लांबीने लावला काय, रुंदीने काय, छापलेली एक बाजू पुढे ठेवता येते.

माल हॉटेलच्या दारात उतरला की ग्राहकाने दार उघडायच्या आधी सीलचा फोटो काढावा आणि दार उघडल्याबरोबर पहिल्या थराचा, हे ऑर्डरच्या अटींत लिहून ठेवतो. ओल दिसली तर डबा सोडायच्या आधी सर्व्हेअर बोलवायचा. रिकामा डबा परत गेल्यावर विमा कंपनीला दाखवायला काही उरत नाही.

आपल्याकडचं काम तेव्हाही संपलेलं नसतं. जहाज निघाल्यावर शिपिंग लाइन निर्यात मॅनिफेस्ट, म्हणजे ईजीएम, दाखल करते. त्यात कंटेनर क्रमांक किंवा कार्टनची संख्या शिपिंग बिलाशी जुळली नाही तर ईजीएम एरर येते आणि ड्रॉबॅक (कस्टम्स शुल्काचा परतावा), आरओएससीटीएल सगळं अडकून बसतं. कुणी कळवत नाही. जहाज निघाल्यावर दहाव्या दिवशी आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या संकेतस्थळावर, शिपिंग बिल क्रमांक टाकून स्वतः बघावं. एरर असेल तर तिचा कोड, बीएलची प्रत आणि शिपिंग बिल जोडून त्याच दिवशी सीएचएला पाठवावं, आणि दुरुस्ती होऊन स्थिती बदललेली दिसेपर्यंत दर सोमवारी तेच पान उघडावं.